महिलांना पोकरच्या खुल्या स्पर्धांत प्रवेश नसतो, हे खरे नाही

‘पोकरमध्ये बायकांना पुरुषांसमोर बसू देत नाहीत, म्हणून त्यांच्या स्पर्धा वेगळ्या भरवतात’ असा मजकूर सांगली-मिरजेतील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या, लास वेगासमधील ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धामालिकेची मुख्य स्पर्धा सर्वांसाठी खुली असून, १९९५ साली बार्बरा एनराइट या स्पर्धेच्या अंतिम टेबलापर्यंत, म्हणजे शेवटच्या मोजक्या खेळाडूंत, पोहोचून पाचव्या आल्या, तर २०२५ मध्ये स्पेनच्या लिओ मार्गेट्स सातव्या आल्या. महिलांची वेगळी स्पर्धा १९७७ पासून आहे. मात्र लास वेगास ज्या राज्यात आहे, त्या नेवाडाच्या कायद्यानुसार पुरुषांना तेथे सरसकट मज्जाव करता येत नसल्याने, २०१३ पासून प्रवेशशुल्क १०,००० डॉलर ठेवून महिलांना ९० टक्के सवलत देण्याची (थोडी गमतीदारच) युक्ती योजण्यात आली. नवख्या खेळाडूंना टोमणे न ऐकता खेळता यावे, हा समर्थकांचा मुद्दा मला पटतो; वेगळ्या गटामुळे महिला कमी दर्जाच्या ठरतात, हा आक्षेपही अनेक महिला खेळाडूंनीच घेतला आहे.

बुद्धिबळाचे संघटक भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या सांगलीला ही रचना अपरिचित नसावी, कारण बुद्धिबळातही महिला गट वेगळा असूनही मुली खुल्या गटात खेळतातच.