लिटरमागे बारा रुपये वाचवायचा सोपा उपाय

डिझेल गाडी आहे ना? पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर, काय असेल ते. आणि हातात चार पैसे जास्त झालेत, कुठे घालवावेत सुचत नाहीये? मग हे वाचा. गेल्या डिसेंबरात मी स्वतः करून बघितलंय, ऐकीव काही सांगत नाही.

आधी पंप नीट निवडा. कंपनीचा पंप नको, तिथे बिल देतात, पाच लिटरचं माप लावून दाखवा म्हटलं तर लावावं लागतं त्यांना, नुसती कटकट. हायवेला पत्र्याचं शेड, एक मशीन, मागे एक टाकी आणि हिरव्या अक्षरात 'बायोडिझेल' लिहिलेला बोर्ड, कोपऱ्यात एखादं पान काढलेलं असलं की डोळे झाकून गाडी लावायची. बायोडिझेल म्हणजे पामसारख्या तेलापासून बनवलेलं, डिझेलमधे मिसळायचं इंधन. लिटरमागे बारा रुपये स्वस्त! नळी धरलेल्या पोराला विचारा, किती टक्के मिक्स आहे रे? तो म्हणणार, "शेठ, प्युअर आहे." प्युअर काय, ते विचारायचं नाही. आता केंद्राच्या २०१९ च्या नियमात शंभर टक्के बायोडिझेल पंपावर विकायला परवानगी आहे, पण ती डिझेलमधे मिसळायला, डिझेलच्या जागी तेच ओतून गाडी पळवायला नाही. आणि बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या गाड्या, त्यांच्या डिझेलच्या मानकात बायोडिझेल बसतं सात टक्क्यांपर्यंत. पण सात काय अन शंभर काय, थोडं इकडेतिकडे व्हायचंच.

दहा वर्षांत टाकी एकदाही साफ केली नसेल तर अतिउत्तम. बायोडिझेल तळाचा सगळा गाळ सोडवून आणतं, टाकी आपोआप साफ होते आणि तो गाळ थेट फिल्टरमधे जाऊन बसतो.

फिल्टरखालचा पाणी काढायचा नट चुकूनही सोडू नका. हे तेल हवेतलं पाणी ओढतं, तर ओढू द्या, उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

इंजिन ऑइलची पट्टी काढून पातळी वाढलेली दिसली तर घाबरायचं नाही, ऑइल फुकट वाढून मिळालं म्हणायचं.

आता मुहूर्त. हे काम ऐन थंडीत करायचं, आणि रात्री. आमच्या निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, दरवर्षी पेपरात फोटो येतो शेकोटीचा. बायोडिझेल कशाचं बनवलंय त्यावर ते कधी थिजणार ते ठरतं, पाम तेलाचं असलं तर पंधरा अंशाच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं, डब्यातलं डालडा हिवाळ्यात कसं होतं तसंच. हे मला त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण मी हुशार. चाळीस लिटर टाकलं, चारशे ऐंशी रुपये वाचले म्हणून घोटीला दोन वडापाव जास्त खाल्ले. मागे दोन हजार जुड्या कोथिंबीर, वाशीला पहाटेच्या बाजाराला पोचवायची, शेजारी चुलतभाऊ घोरतोय. इगतपुरीच्या आधीच गाडी ओढेना, ॲक्सिलरेटर दाबला तरी नुसती गुरगुर, मला वाटलं लोड जास्त झाला. चेक लाइट लागला, म्हटलं लागू दे, तो नेहमीच लागतो. आणि कसारा घाटात, उतारावर, वळणावर, मागे कंटेनर, आणि गाडी बंद! ज्याची गाडी उतारावर बंद पडलीय त्यालाच कळेल. स्टेअरिंग दगडासारखं होतं, दोनदा ब्रेक मारला की तिसऱ्यांदा पेडल खाली जातच नाही कारण इंजिन बंद म्हणजे ब्रेकला जोर देणारा बूस्टर बंद. हँडब्रेक आणि कडेचा कठडा, या दोघांच्या कृपेने मी आज हे टाइप करतोय. भाऊ उठला आणि विचारतो काय, "आली का वाशी?"

सकाळी मिस्त्रीने फिल्टर कापून दाखवला. आत काळा चिकट लगदा, बोट घातलं तर तार निघत होती. त्याने वास घेतला, म्हणाला यात बायो किती आणि बाकीचं काय ते देवालाच माहीत, असल्या दोन गाड्या कालच आल्यात. टाकी उतरवली, लाइन साफ, दोन इंजेक्टर गेले, पंप टेस्टिंगला गेला. बिल एक्केचाळीस हजार. भागाकार केला मी, लिटरमागे बारा रुपयांनी हे पैसे वसूल करायला अजून सव्वातीन हजार लिटरच्या वर टाकावं लागेल, तेही त्याच पंपावर! कोथिंबीर वाशीला पोचली तेव्हा बाजार उठला होता, कोथिंबीर कसली, पिवळा चारा झाला होता.

वॉरंटीचं म्हणाल तर गाडीच्या कंपनीवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, डिझेल भरल्याचं बिल आहे का.

गावात आलात की ज्ञानी माणसं भेटतात, त्यांचं ऐकून घ्या. आमचे एक काका म्हणाले, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, तुझंच इंजिन नाजूक. खरंय काका, चाललं होतं. पण ते इंजिन वेगळं, आजच्या कॉमन रेलच्या, म्हणजे प्रचंड दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनच्या, इंजेक्टरची भोकं केसाएवढी, आणि नुसतं तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे, मिथेनॉल घालून त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढावं लागतं, नंतर धुवावं लागतं, सुकवावं लागतं. ते ज्याने नीट केलं नाही त्याचं ग्लिसरीन माझ्या फिल्टरमधे.

सरकारवरही विश्वास ठेवा. २००९ च्या धोरणात होतं, २०१७ पर्यंत डिझेलमधे वीस टक्के बायोडिझेल मिसळणार. मग २०१८ ला म्हणाले २०३० पर्यंत पाच टक्के. आमचा मुलगा दहावीला असंच करत होता, आधी नव्वद म्हणाला, मग पंचाहत्तर, मग पास तर होईन. तेव्हा बायोडिझेलसाठी जट्रोफा लावा जट्रोफा लावा म्हणून आमच्या चुलत्यांनी बांधावर तो, म्हणजे आपला मोगली एरंड, लावला होता, अजून उभा आहे, गुरं पण तोंड लावत नाहीत.

बास झालं आता. बायोडिझेल वाईट नाही हो! आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकाला उतरलेलं, नीट प्रमाणात मिसळलेलं असलं तर धूर कमी होतो, कमी गंधकाच्या डिझेलला वंगण मिळतं, वापरलेल्या तळणाच्या तेलाचंही बनतं, म्हणजे तेच काळं तेल परत आपल्याच भज्यात जाण्यापेक्षा बरंच की. पण तुम्ही लेको कुठलंही इंडस्ट्रियल ऑइल आणून त्याला बायो म्हणून विकता आणि वर हिरवं पान काढता? घाटात माणूस मेला असता, दोन माणसं मेली असती, मागच्या कंटेनरवाल्याचं वेगळंच. आणि तपासणीला येणारे साहेब, तुम्हाला ते शेड दिसत नाही? मला रात्री अकरा वाजता अंधारात दिसलं! आणि आम्ही, म्हणजे मी पण, बिल मागायला जीभ जड होते आमची, बारा रुपयांसाठी पंधरा लाखाची गाडी त्या पोराच्या हातात देतो आणि वर हसून "टाक रे फुल" म्हणतो. अक्कल गहाण ठेवली होती का? ठेवली होती.

टाकीतलं एक बाटलीभर काढून ठेवलंय मी, पडवीत आहे. कुणाला बघायचं असेल तर सकाळी सहाला या, ऊन यायच्या आत. अर्धी बाटली तुपासारखी थिजलेली असते आणि खाली बोटभर पाणी.