सायलेन्सर काढून डर्ट बाईक होत नाही

नाशिकच्या बाईकवेड्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘३० हजारांत रेसची डर्ट बाईक’, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर पळवायची, उड्या मारायची गाडी. सल्ला थोडक्यात असा. साधी गाडी किंवा सेकंडहँड एक्सपल्स २०० (हिरोची कच्च्या रस्त्यांची गाडी) घ्या. सायलेन्सर काढून सरळ पाइप लावा, एअर फिल्टर काढून टाका, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवा. मागच्या शॉकअपला तुकडा वेल्ड करून गाडी उंच करा आणि स्प्रिंग फुल टाइट मारा. पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) एक दात कमी करा. आणि शेवटी, ‘रस्त्यावरही बिनधास्त चालते.’

कॉलेजची पोरं साठवलेले पैसे यात घालताहेत आणि तीच गाडी घेऊन उडीवर जाताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

सायलेन्सरपासून सुरुवात करतो. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असं कानाला वाटतं. जुन्या आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये तर होतं नेमकं उलटं. एक्झॉस्टमधून सुटलेली दाबाची लाट पाइपच्या आतल्या रचनेवर आपटून मागे येते आणि पोर्टमधून (सिलिंडरच्या भोकातून) निसटू पाहणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. पाइप सरळ केला की ही लाट गेली आणि तिच्याबरोबर ताकदही गेली. फोर-स्ट्रोकमध्ये मोकळ्या पाइपचा थोडा फायदा मिळू शकतो, पण पेट्रोलचं प्रमाण त्याप्रमाणे बदललं तरच. नाहीतर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, पण जास्तीत जास्त ताकद मिळते ती साडेबारा ते तेराच्या आसपास.

कार्बोरेटर असेल तर जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रांचं (जेटचं) माप बदलणं, करावंच लागतं. पाव थ्रॉटलपर्यंत (अॅक्सिलरेटर पाव पिळेपर्यंत) मुख्यतः पायलट जेटचं राज्य, तिथून पाऊणपर्यंत नीडलचं (कार्बोरेटरमधल्या सुईचं) आणि त्यापुढे मेन जेटचं. नुसता मेन जेट मोठा केला आणि गाडी कॉर्नरमधून बाहेर पडताना अडखळली, तर दोष खालच्या टप्प्यात शोधायचा. मेन जेट तपासायचा तर फुल थ्रॉटलवर ओढून, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. पोर्सिलेन फिकट तपकिरी हवं. पांढरं फटक दिसलं तर त्या गाडीवर आणखी एक फेरीसुद्धा मारू नका. बीएस-६ गाडीला फ्युएल इंजेक्शन असतं. ‘सेन्सर आपोआप सांभाळतो’ असं म्हणतात, ते निवांत चालवताना खरं आहे. फुल थ्रॉटलला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बहुतेक आतल्या ठरलेल्या मॅपवर, म्हणजे पेट्रोलच्या तक्त्यावर, चालतो, आणि तो मॅप कंपनीच्या सायलेन्सरसाठी बनवलेला असतो.

एअर फिल्टर काढण्याचा सल्ला या मेसेजमध्ये सगळ्यात घातक आहे. एप्रिल-मे महिन्यात पेठ रोडच्या बाजूला मुरमाच्या वाटेवर चार गाड्या एकामागे एक गेल्या की मागच्याला पुढचं दिसत नाही, इतका फुफाटा उडतो. ती दगडाची पूड आहे. रिंग आणि सिलिंडरच्या मध्ये गेली की पॉलिश पेपरसारखं काम करते. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं, मग ऑइल जळायला लागून निळा धूर दिसतो. रेसच्या गाडीला उलट जास्त चांगला फिल्टर लागतो, म्हणजे फोमचा. तो रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत पूर्ण वाळवायचा. फिल्टर ऑइल सगळीकडे पोचेपर्यंत हाताने चेपायचं. पिळायचं नाही, फोम फाटतो. बसवताना कडेला ग्रीस लावायचं. पुढच्या वेळी फिल्टर काढाल तेव्हा आतल्या रबरी नळीत बोट फिरवा. बोटाला किरकिर लागली तर धूळ कुठून तरी वाट काढतेय, ती जागा सापडेपर्यंत गाडी चालू करू नका.

बोअर वाढवण्याबद्दल फार लिहीत नाही. हेड तेच ठेवून बोअर वाढवला की कॉम्प्रेशन रेशो वाढतो, नॉकिंगची (मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोके बसण्याची) भीती येते, सिलिंडरची भिंत पातळ होते. शिवाय रेसचे वर्ग सीसीवर ठरतात. वाढलेल्या सीसीने तुम्ही वरच्या वर्गात जाऊन पडाल किंवा तपासणीत बाद व्हाल.

आता शॉकअप. डर्ट बाईक इथे घडते, आणि मेसेजने हाच विषय दोन ओळींत उरकलाय. स्प्रिंग फुल टाइट केल्याने ती कडक होत नाही. साधी स्प्रिंग जितकी कडक असते तितकीच राहते, प्रीलोडने (स्प्रिंग आधीच दाबून ठेवल्याने) फक्त गाडी उचलली जाते. मग खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा उरत नाही, टायर हवेत राहतो आणि ग्रिप जाते. प्रीलोड मोजून लावायचा असतो. मागचं चाक उचलून अॅक्सलपासून टेलवर लावलेल्या टेपच्या खुणेपर्यंत अंतर घ्या. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून घ्या. मग बूट, हेल्मेट, सगळं चढवून रायडर बसल्यावर घ्या. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने मोजायचं. पहिल्या आणि शेवटच्या मापातला फरक म्हणजे रायडरसकट गाडी किती बसते ते. ती साधारण एक तृतीयांश ट्रॅव्हल (चाकाच्या वरखाली होण्याचं एकूण अंतर) बसायला हवी. साध्या एक्सपल्स २००च्या मागच्या १७० मिलिमीटरपैकी ५५च्या आसपास. हा आकडा बरोबर आला, पण एकटी गाडी जवळजवळ बसतच नाही, असं असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. ऐकायला उलटं वाटतं, पण मऊ स्प्रिंगला जास्त दाबून आकडा जुळवल्याची ती खूण आहे. तिथे स्प्रिंगच बदलावी लागते.

वेल्ड केलेला तुकडा तर धोकाच. वेल्डशेजारचा धातू कमजोर होतो आणि उडीनंतर जमिनीवर आपटताना सगळा भार तिथेच येतो. तो टिकला तरी गाडी फक्त मागून उंच होते, पुढे झुकते, फोर्कचा (पुढच्या शॉकअपचा) कोन उभा होतो, ट्रेल (चाकाला सरळ ठेवणारं पुढच्या टोकाचं अंतर) कमी होते आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. हिरोने एक्सपल्स २००साठी काढलेल्या रॅली किटमध्ये मागचं ट्रॅव्हल १७० वरून २२० मिलिमीटर केलं, तेव्हा पुढचंही १९० वरून २५० केलं. एका टोकाला हात लावून भागत नाही. चेनचंही तसंच. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. शॉकअप सोडवून, स्विंगआर्म त्या रेषेत आणून ढील तपासा. उंच केलेल्या गाडीची चेन स्टँडवर बघून लावली तर पहिल्याच मोठ्या उडीत गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो.

फोर्कसाठी ऑइलची पातळी थोडी वाढवून बघा. वरची हवेची जागा कमी होते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क जास्त विरोध करतो, त्यामुळे उडीनंतर तळाला आपटणं कमी होतं. खर्च फक्त ऑइलचा. आणि आपल्या अंबड-सातपूर एमआयडीसीत मापाचे बुश, स्पेसर काढून देणारे हात आहेत. त्यांच्याकडे ड्रॉइंग घेऊन जा. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून तुकडे जोडून घेऊ नका.

टायरबद्दल तर मेसेजमध्ये शब्दच नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. नॉबी (मोठ्या गुट्ट्यांचे) टायर, जाड ट्यूब, मागे रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरणारा क्लॅम्प) आणि १२ ते १५ पीएसआय हवा एवढ्याने सैल मातीवर जो फरक पडतो, तो सरळ पाइपने कधीच पडणार नाही. रिम लॉकशिवाय इतकी कमी हवा ठेवली तर टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो.

स्प्रॉकेटचा सल्ला मात्र बरोबर आहे. पुढे १४ आणि मागे ४२ दात (१४/४२) म्हणजे ३.० रेशो, १३/४२ केलं की ३.२३. मागे तीन दात वाढवण्याइतकाच परिणाम, आणि खर्च किरकोळ.

राहिला ‘रस्त्यावर बिनधास्त’ हा भाग. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट शब्दांत सांगितलंय. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रेससाठी बदललेली गाडी छोटा हत्तीत बांधून ट्रॅकवर न्यायची आणि तशीच परत आणायची. तीस हजारांच्या हिशोबात ते भाडंही धरा.