बीड रस्त्यावरचा ट्रक आणि वैमानिकाची चूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. धावपट्टीच्या गोंधळातून होणाऱ्या अपघातांवरील माझ्या लेखावर आपण जालन्याहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. ‘मानवी चूक’ असे गुळगुळीत नाव देऊन मी वैमानिकांना पाठीशी घालतो, हा आपला मुख्य आक्षेप आहे. एसटीच्या चालकाकडून अपघात झाला की तो लगेच निलंबित होतो, मग लाखोंचा पगार घेणाऱ्यांना वेगळा न्याय का, असे आपण विचारता. आणि चार जणांना जबर शिक्षा झाली की बाकीचे आपोआप सावध होतील, असे आपले मत आहे. दाखला म्हणून आपण १९९३ चा औरंगाबादचा अपघात दिला आहे. त्या चौकशीचा अर्धाच निष्कर्ष आपण सांगितला असल्यामुळे मी तिथूनच सुरुवात करतो.

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईला निघाले. धावपट्टी जवळजवळ संपता संपता ते जमिनीवरून उचलले गेले आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकवर त्याची डावीकडची चाके व इंजिन आदळले. पुढे सुमारे ३ किलोमीटरवर ते उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागून कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हा चौकशीचा निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे. परंतु विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात तेव्हाचे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे कारणही त्याच चौकशीने त्याच्या बरोबरीने नोंदवले आहे. आपल्या भागात गाठींनी उंच भरलेला ट्रक रस्त्यावर दिसणे ही काही अनपेक्षित गोष्ट नाही. त्या वैमानिकांना आपण म्हणता तशी कितीही जबर शिक्षा झाली असती, तरी केवळ तेवढ्याने धावपट्टीच्या टोकाचा तो रस्ता दुसऱ्या दिवशी विमानाच्या वेळेला बंद झाला नसता. माझा सगळा भर या एका गोष्टीवर आहे.

हजारो तास विमान चालवलेल्या माणसाला आपली धावपट्टी ओळखता कशी येत नाही, हा आपला दुसरा प्रश्न रास्त आहे. धावपट्टीला तिच्या दिशेवरून क्रमांक मिळतो. २२ म्हणजे होकायंत्रावर साधारण २२० अंश, २६ म्हणजे २६० अंश. अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे २७ ऑगस्ट २००६ रोजी पहाटेच्या अंधारात कॉमएअरच्या विमानाला २२ क्रमांकावरून उड्डाणाची परवानगी होती आणि ते २६ क्रमांकावर वळले. ही दुसरी धावपट्टी सुमारे ३,५०० फूट, म्हणजे पहिलीच्या निम्मीच होती. ५० पैकी ४९ जण गेले, कॅप्टनसह. होकायंत्र समोर होते, धावपट्टीवर दिवे नाहीत हे सहवैमानिकाच्या लक्षातही आले होते आणि तसे तो बोललाही होता. त्याआधी दोघांच्या कामाशी संबंध नसलेल्या गप्पाही झाल्या होत्या. दोष त्यांचा होताच. पण २२ कडे जाण्यासाठी २६ चे तोंड ओलांडूनच जावे लागे, बांधकामामुळे बदललेला मार्ग त्यांच्या नकाशात आलेला नव्हता, आणि मनोऱ्यात एकच नियंत्रक होता, जो परवानगी देऊन दुसऱ्या कामाकडे वळला होता. यांपैकी एकही अडचण निलंबनाच्या आदेशाने दूर होणारी नव्हती.

तैपेईला ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री, वादळी पावसात, सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७४७ बांधकामासाठी बंद असलेल्या धावपट्टीवरून धावले आणि तिथल्या यंत्रसामग्रीवर आदळले. ८३ जण मरण पावले. त्या बंद धावपट्टीच्या तोंडाशी साधा अडथळासुद्धा उभा केलेला नव्हता. चुकीच्या धावपट्टीवर वळलेला वैमानिक स्वतःचाही जीव पणाला लावत असतो. मरणाच्या भीतीने जिथे चूक टळली नाही, तिथे नोकरी जाण्याच्या भीतीने ती टळेल, हे मला पटत नाही. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात, रेडिओवरच्या बोलण्यातील गैरसमजातून, दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसे गेली, त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द रेडिओवर केवळ प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीपुरता राखून ठेवला गेला. असले बदल शिक्षेइतके डोळ्यांत भरत नाहीत, पण पुढच्या वैमानिकाच्या चुकीला आवर घालतात.

एसटीच्या चालकाविषयी म्हणाल, तर मला त्याच्यासाठीही हीच चौकशी हवी आहे. तो सलग किती तास गाडीवर होता, ब्रेकची तपासणी कधी झाली, त्या वळणावर फलक होता का, हे विचारल्याशिवाय त्याला घरी बसवणे हा मला अन्याय वाटतो. मात्र दारू पिऊन कामावर येणारा, खोट्या नोंदी करणारा किंवा नियम ठाऊक असूनही तो जाणूनबुजून मोडणारा वैमानिक माझ्या बचावाच्या कक्षेत येत नाही. त्याचा परवाना गेलाच पाहिजे, तिथे आपले माझे एकमत आहे.

राहिला आपला शेवटचा मुद्दा, की शिक्षा नसेल तर चुका लपवल्या जातील. जुलै २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचे विमान रात्री धावपट्टी समजून टॅक्सीवेवर, म्हणजे विमाने धावपट्टीकडे ये-जा करतात त्या मार्गावर, उतरू लागले. तिथे चार विमाने उड्डाणाच्या प्रतीक्षेत होती. सुमारे ६० फुटांवरून ते पुन्हा वर गेले आणि कोणालाही इजा झाली नाही. घटना वरिष्ठांना उशिरा कळवली गेली, तोवर विमान पुढच्या फेरीवर गेले, आणि त्या वेळचे कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण नव्या आवाजांखाली पुसले गेले. दोन वैमानिक त्या क्षणी एकमेकांशी काय बोलले, हे तपास अधिकाऱ्यांना त्यामुळे कधीच ऐकता आले नाही. तिथे उशीर भीतीपोटी झाला असे मी म्हणत नाही. पण कळवणे म्हणजे नोकरी गमावणे, असे ठरले तर असा उशीर प्रत्येक घटनेत होईल, आणि माणसे न मरता हाती आलेली माहिती आपण घालवून बसू.