‘ह्यूस्टनकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : नदीकाठची शाळा आणि करदात्यांचा पैसा

महोदय,

ह्वारेझ-लिंकन हायस्कूलवरील माझ्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीपासून काही मैलांवर असलेल्या या शाळेविषयी मी भाबडेपणाने लिहिले, असा आपला आक्षेप आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘ताई, भावना जरा बाजूला ठेवा आणि हिशेब शिका’ असे गणित शिकवून पोट भरणाऱ्या बाईला सुनावण्यापूर्वी लेखाखालचा दोन ओळींचा परिचय तरी आपण वाचायला हवा होता. ही शाळा ज्या हिडाल्गो काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात आहे, तिथल्याच दुसऱ्या एका सरकारी शाळेत मी बीजगणित शिकवते. शिवाय मला ताई म्हणावे इतकी आपली ओळखही नाही.

फुटबॉलच्या वर्णनाला मी दोन परिच्छेद दिले आणि ते एकात भागले असते, हे आपले म्हणणे मात्र मला मान्य आहे.

आता आपल्या त्या वाक्याकडे वळते : ‘या मुलांच्या शिक्षणाचा बोजा आम्ही उरलेले टेक्सासवासी उचलतो, हे लेखिका सांगत नाहीत.’ टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. इथल्या सरकारी शाळा प्रामुख्याने स्थानिक मालमत्ता कर आणि राज्याचा निधी यांवर चालतात. ज्या वस्त्यांतून ही मुले येतात त्यांना कोलोनिया म्हणतात. शहराच्या हद्दीबाहेर शेतजमिनीचे तुकडे पाडून ते पाणी आणि सांडपाण्याची सोय न करताच विकले गेले आणि त्यांवर या वस्त्या उभ्या राहिल्या. टेक्सासमधल्या सर्वाधिक कोलोनिया आमच्याच काउंटीत आहेत. तिथे अनेकांनी जमीन हप्त्याने घेतलेली असते. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत ती अनेकदा त्यांच्या नावावर होत नाही, कर मात्र बहुधा तेच भरतात. भाड्याने राहणाऱ्याच्या भाड्यातही घरमालकाचा कर असतोच, आणि मिशन किंवा मॅकॅलन या इथल्या शहरांतल्या दुकानात विक्रीकर घेताना कोणी कोणाचे वास्तव्याचे कागद तपासत नाही.

या जमिनींची किंमतच कमी, त्यामुळे त्याच दराने कर लावूनही श्रीमंत उपनगरांच्या मानाने हाती फार थोडे लागते, आणि नेमक्या याच कारणासाठी सॅन अँटोनिओच्या एजवूड भागातल्या पालकांनी लढा दिला. 1989 मध्ये राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही विषमता टेक्सासच्या राज्यघटनेत बसत नाही. श्रीमंत स्कूल डिस्ट्रिक्टांकडून, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांकडून, काही रक्कम परत घेणारा, इथे ‘रॉबिन हूड’ म्हणून ओळखला जाणारा कायदा त्यानंतर 1993 मध्ये आला. आपण ज्याला आपला उपकार समजता, ती राज्यघटनेने घातलेली जबाबदारी आहे.

हिशेबाचाच आग्रह असेल, तर आणखी एक हिशेब पाहा. टेक्सास शाळेला पैसे देते ते पटावरच्या संख्येवर नव्हे, तर सरासरी दैनंदिन हजेरीवर. कोलोनियातले बरेच रस्ते कॅलिचीचे, म्हणजे पांढरट मुरमाचे असतात. जोराचा पाऊस झाला, की त्यांचा चिखल होतो, बस आत शिरत नाही आणि मुलांना डांबरी रस्त्यापर्यंत चालत यावे लागते. माझ्या वर्गातली एक मुलगी अशा दिवशी बुटांवर दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून घोट्याशी गाठ मारते आणि दाराशी येऊन त्या नीट घडी करून दप्तरात ठेवते, कारण परतीच्या वाटेवर त्या लागतात. ती हजेरीच्या वेळेत पोहोचली नाही, तर शाळेचा त्या दिवसाचा पैसा बुडतो. शिक्षकाचा पगार आणि बसचे डिझेल मात्र तेवढेच लागते. बोजा कोण उचलतो, ते आता आपणच सांगा.

‘बेकायदा’ हा शब्द आपण प्रतिक्रियेत तीनदा वापरला आहे. यातली बहुसंख्य मुले अमेरिकेतच जन्मलेली आहेत. ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांच्यासाठी शाळांना निधी नाकारणारा कायदा टेक्सासने 1975 मध्ये केलाही होता आणि टायलर शहरातल्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला 1000 डॉलर मागितले होते. ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, 5 विरुद्ध 4 मतांनी का होईना, तो कायदा रद्द ठरवला. त्या निकालावर आपली नाराजी असेल, तर ती माझ्या लेखाखाली मांडून उपयोग नाही.

सीमा म्हणजे काय हे मला कळत नाही, असेही आपण सुचवले आहे. माझे बालपण तेरेखोल नदीच्या काठी, आरोंद्याला गेले. पलीकडे किरणपाणी दिसते, ते गोव्यात. 1961 पर्यंत ती नदी भारत आणि पोर्तुगीज अंमल यांच्यामधली हद्द होती आणि माझ्या आजोळची निम्मी माणसे पलीकडची होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे म्हणत मी शिकले. सरकारी शाळेवर होणारा खर्च वाया जातो असे ज्यांना वाटते, त्यांना मी यापलीकडे काय दाखवावे? आपण या भागात आला आहात, असे आपल्या लिखाणावरून तरी वाटत नाही. ह्यूस्टनहून साउथ पाद्रे बेटावर जाताना ‘हे सगळे पाहिले’ असे आपण म्हणता, पण तो रस्ता हार्लिंजनवरून जातो आणि हिडाल्गो काउंटीला शिवतही नाही.

राहिले, ह्वारेझ-लिंकन ज्याच्या अखत्यारीत येते त्या ला होया स्कूल डिस्ट्रिक्टच्या विश्वस्तांचे प्रकरण. काहींनी 2022 मध्ये संघीय न्यायालयात गुन्हे कबूल केले आणि 2024 मध्ये राज्याने निवडून आलेले मंडळ बाजूला सारून स्वतःचे व्यवस्थापक नेमले. हे सर्व वृत्तपत्रांत येऊन गेले आहे आणि माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. चाचण्यांच्या निकालांबाबतचा आपला मुद्दा इतका ढोबळ आहे, की त्यावर वेळ घालवण्यात मला अर्थ वाटत नाही.

आपली प्रतिक्रिया काढून टाकावी, असे काही वाचकांनी सुचवले. ती तशीच राहील. यापुढे मात्र कोणत्याही मुलाला बोजा म्हणणारा मजकूर येथे प्रसिद्ध होणार नाही, मग तो कितीही आकडे घेऊन आलेला असो.