दुधातल्या ऑक्सिटोसिनमुळे मुली लवकर वयात येतात, हे खरं नाही

"गवळी म्हशीला ऑक्सिटोसिन टोचतात. ते दुधात उतरतं, उकळूनही जात नाही, म्हणून आजकाल मुली लवकर वयात येतात. दुधी भोपळाही याच इंजेक्शनने रात्रीत वाढवतात. या औषधावर बंदी घाला!" हा मेसेज वर्षानुवर्षं घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. यातली सुई खरी आहे. बाकीचं एकेक पाहू.

सुई का मारतात? म्हशीचं बहुतेक दूध कासेतल्या सूक्ष्म पिशव्यांत असतं, पान्हा सोडल्याशिवाय ते सडात येत नाही. पारडू ढुशा देत पिऊ लागलं की तो स्पर्श मज्जातंतूंवाटे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतो. तिथल्या चेतापेशींनी ऑक्सिटोसिन आधीच बनवून ठेवलेलं असतं. ही अवघ्या ९ अमिनो आम्लांची साखळी. चेतापेशी निरोप धाडण्यासाठी बनवतात त्या अशा साखळ्यांनाच न्यूरोपेप्टाइड म्हणतात. इशारा मिळताच ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सुटतं आणि कासेतल्या पिशव्यांभोवतीच्या पेशींवर नेमक्या त्याच्यासाठी असलेल्या ग्राहींवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनांवर, जाऊन बसतं. पेशी आकसतात, दूध उतरतं. काही मिनिटांत शरीरातली विकरं (एन्झाइम) साखळी तोडतात आणि निरोप तिथेच संपतो. पारडू मेलं किंवा तोडलं की म्हैस पान्हा चोरते. मग तबेल्यात सुई निघते.

आता "दुधात उतरतं, उकळूनही जात नाही". हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने हेच तपासलं. इंजेक्शन दिल्याने दुधातलं ऑक्सिटोसिन वाढलेलं आढळलं नाही. जे मुळात दुधात असतं ते तापवल्यावर टिकतं, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण पुढे आतड्यातल्या पचनात ते झपाट्याने मोडतं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच छोटा तुकडा, आणि डाळीतलं प्रथिन जिथे पचतं तिथेच हेही पचतं. मधुमेही माणसाला इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं तेही याच कारणाने.

मुलींबद्दलचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्याने पालकांची खरी काळजी चुकीच्या दिशेला वळते. वयात येण्याची सुरुवात मेंदूतच होते, आणि तिच्यामागेही न्यूरोपेप्टाइडच असतं, पण वेगळं. त्याचं नाव किसपेप्टिन. त्याचा ग्राही बिघडलेला असेल तर मुलं आपोआप वयातच येत नाहीत, हे २००३ मध्ये स्पष्ट झालं. किसपेप्टिन हायपोथॅलॅमसमधल्या दुसऱ्या पेशींना जागं करतं, त्या पिट्यूटरीला, पिट्यूटरी अंडाशयाला, आणि मग इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होतं. ऑक्सिटोसिन स्वतः इस्ट्रोजेनसारखं काम करत नाही. मुलींच्या लवकर वयात येण्याशी वाढत्या वजनाचा संबंध मात्र दिसलेला आहे. मुलीला आठ वर्षं पूर्ण होण्याआधीच स्तनांची वाढ दिसू लागली, तर दूधवाला बदलून थांबू नका, बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

दुधी भोपळा? त्याला ना चेतापेशी, ना ऑक्सिटोसिनचा ग्राही. वनस्पतींची वाढ ऑक्झिन, जिबरेलिन अशा वेगळ्याच संप्रेरकांवर चालते.

राहिली बंदी. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवण्यास खासगी कंपन्यांना मनाई केली आणि ते काम कर्नाटकातल्या एकाच सरकारी कंपनीकडे सोपवलं. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसलं नाही तर बाई रक्तस्रावाने दगावू शकते. तो स्राव टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना याच औषधाची १० युनिटं द्यायला सांगते. तालुक्याच्या रुग्णालयात ऐन वेळी ती कुपी नसेल, तर काय होईल हे तिथल्या कोणत्याही नर्सला विचारा.

म्हशीचे हाल मात्र खरे आहेत. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपाय होईल असं काही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. तबेल्यात सुई दिसली तर पोलिसांत तक्रार करताना हेच कलम सांगा.