चेहरा पाहून मूत्रपिंडांचे निदान होत नाही

एक संदेश थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: ‘वयापेक्षा म्हातारे दिसू लागलात, केस लवकर पांढरे झाले, डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली, तर समजा की मूत्रपिंडे बिघडत चालली आहेत. मूत्रपिंडे तुंबली की विषारी द्रव्ये त्वचेत साठतात आणि माणूस म्हातारा दिसतो. रोज ४ लिटर पाणी प्या, २१ दिवस मूत्रपिंडे साफ करणारा काढा घ्या, चेहरा दहा वर्षांनी तरुण होईल. डायलिसिसच्या वाटेला मात्र जाऊ नका, कारण माणूस म्हातारा होतो तो डायलिसिसमुळेच.’

या संदेशात चार विधाने आहेत. त्यांतले एक अर्धे खरे आहे आणि त्याच्या आधारावर उरलेली तीन वाचणाऱ्याच्या गळी उतरतात. मूत्रपिंडांच्या दीर्घकालीन विकारात माणूस वयापेक्षा थोराड आणि थकलेला दिसू शकतो, हे खरेच आहे. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि म्हणून ‘हे सगळे खोटे आहे’ असे सांगून त्यांचे समाधान होत नाही. विधाने एकेक करून तपासणेच योग्य.

पहिले विधान असे, की अकाली वार्धक्याच्या खुणा ही मूत्रपिंडे बिघडल्याची पहिली सूचना होय. यात घटनांचा क्रमच उलटा लावलेला आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात आणि ही राखीव क्षमता इतकी मोठी असते, की एक मूत्रपिंड दान केलेली व्यक्ती उरलेल्या एकावर निरोगी आयुष्य जगू शकते. त्यामुळे निम्मी क्षमता हळूहळू नाहीशी झाली तरी बाहेरून सहसा काहीच जाणवत नाही. या विकाराचे पाच टप्पे मानले जातात. पहिल्या तीन टप्प्यांत बहुतेकांची त्वचा, केस आणि चेहरा पूर्वीसारखाच असतो. डोळ्यांना दिसेल असा फरक पडतो तो बहुधा रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली उतरल्यावर, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या टप्प्यात. आजार एवढा पुढे गेल्यावर उमटणाऱ्या खुणेला पहिली सूचना म्हणता येणार नाही.

उलट बाजूने पाहिले तरी हे विधान टिकत नाही. अकाली पांढऱ्या होणाऱ्या केसांमागे बहुतेक वेळा आनुवंशिकता असते. सुरकुत्यांना ऊन आणि तंबाखूचा धूर सर्वांत जास्त हातभार लावतात. डोळ्यांखालची काळी वर्तुळे तिथल्या पातळ त्वचेमुळे, घराण्यातून आलेल्या वर्णामुळे किंवा अपुऱ्या झोपेमुळे दिसतात. या खुणा असणाऱ्या बहुसंख्य लोकांची मूत्रपिंडे उत्तम असतात. डेन्मार्कमधील सत्तरीपुढच्या १८२६ जुळ्या व्यक्तींचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. छायाचित्रात जे अधिक वयस्क दिसत होते ते सरासरीने लवकर दगावले, असे त्यात आढळले आणि तेव्हापासून ‘चेहराच आयुष्य सांगतो’ या म्हणण्याला तो पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो संबंध समूहाच्या पातळीवर खरा आहे. मात्र एका विशिष्ट माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या एका विशिष्ट अवयवाविषयी काही सांगण्याची सोय त्यात नाही.

या विधानाने निरोगी माणूस विनाकारण घाबरतो, हे नुकसान आहेच. परंतु माझ्या मते आजारी माणूस निर्धास्त राहतो, हे त्याहून मोठे नुकसान आहे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीचा चेहरा तजेलदार असेल तर ती या संदेशाच्या कसोटीवर सहज उत्तीर्ण होते आणि तपासणी लांबणीवर टाकते. शरीरात पाणी साठल्याने चेहऱ्यावर आलेली सूज तर सुरकुत्या भरून काढते आणि गालफडे बसल्याचे झाकते. काही मूत्रपिंडविकारांत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळेही चेहरा गोल आणि भरलेला दिसतो. ज्यांना बालपणीच हा विकार जडतो त्यांची वाढ अनेकदा खुंटते, त्यामुळे विशीतला तरुणसुद्धा शाळकरी मुलासारखा दिसू शकतो. आजार तोच, पण दिसणे नेमके उलट.

निदानासाठी दोन साध्या तपासण्या पुरतात. रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून गाळण्याचा वेग काढतात आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी असलेले प्रमाण मोजतात. वेग ६०च्या खाली असेल, किंवा दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली, तर दीर्घकालीन विकार मानला जातो. येथे एक बारकावा सांगणे आवश्यक वाटते. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. ज्याचे स्नायू झडलेले आहेत, जो खरोखर खंगलेला आणि वयस्क दिसतो, त्याचे क्रिएटिनिन मूत्रपिंडे बिघडलेली असूनही बेताचेच दिसू शकते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही दुसरी रक्तचाचणी अधिक खरे चित्र दाखवते. चेहऱ्यावरच्या खुणांपैकी एकीकडे मात्र दुर्लक्ष करू नये: सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती येणारी सूज, आणि तिच्या जोडीला लघवीला टिकून राहणारा फेस. ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. हे वार्धक्य नसते, लघवीवाटे प्रथिने वाहून जात असल्याचा तो परिणाम असू शकतो.

आता दुसरे विधान, म्हणजे ते अर्धे सत्य. मूत्रपिंडे काम करीनाशी झाली की रक्तात टाकाऊ द्रव्ये साठतात आणि त्यांतली काही त्वचेपर्यंत पोहोचतात, एवढे खरे आहे. लघवीला पिवळसर रंग देणारी रंगद्रव्ये त्वचेत उतरल्याने तिला फिकट पिवळी छटा येते. त्वचेचा काळेपणा वाढवणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकले जाईनासे होते, त्यामुळे उन्हाला उघडे राहणारे भाग अधिक काळवंडतात. साखर आणि प्रथिने यांच्या संयोगातून तयार होणारी, वयाबरोबर प्रत्येकाच्याच शरीरात साठत जाणारी संयुगे या रुग्णांत फार वेगाने साठतात आणि त्वचेतील कोलॅजनचे तंतू ताठर करतात.

परंतु वयस्क दिसण्याची सगळी जबाबदारी ‘विषा’वर टाकली, की खरी कारणे नजरेआड होतात. मूत्रपिंडे ही नुसती चाळणी नव्हे. तांबड्या पेशी तयार करण्याचा आदेश देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच बनते. ते कमी पडले की रक्तक्षय होतो आणि चेहऱ्याची रया जाते. त्वचेतील तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी आक्रसतात. त्यामुळे डायलिसिसवरील निम्म्याहून अधिक रुग्णांची त्वचा कोरडी आणि खवलेदार होते, आणि कोरड्या त्वचेवर प्रत्येक रेष ठळक दिसते. रक्तातील आम्लता वाढली की शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागते. भूक मंदावलेली असते, दाह सतत धुमसत असतो. कानशिले खोल जातात, गाल ओढल्यासारखे दिसतात, चाल मंदावते. माणूस दुरून म्हातारा वाटतो तो पुष्कळदा त्वचेपेक्षा या हरवलेल्या स्नायूंमुळे.

याहूनही खोल असा एक धागा आहे आणि या संदेशात त्याचा उल्लेखही नसतो, याचे मला वाईट वाटते, कारण तो संशोधनातला फार सुंदर भाग आहे. १९९७ साली माकोतो कुरो-ओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये एक जनुक शोधले. ते निकामी असलेले उंदीर सुमारे तीन आठवडे नेहमीसारखे वाढत, आणि मग त्यांची त्वचा पातळ होई, हाडे ठिसूळ होत, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचे आणि साधारण दोन महिन्यांत ते मरत. आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेवरून त्या जनुकाला क्लोथो हे नाव मिळाले. त्यापासून बनणारे प्रथिन मुख्यतः मूत्रपिंडांत तयार होते आणि शरीरातील जादा फॉस्फेट बाहेर टाकण्यास मदत करते. मूत्रपिंडांच्या विकारात क्लोथो कमी होते आणि पुढे फॉस्फेट वाढते. मूत्रपिंडे आणि वार्धक्य यांचे नाते असे खरोखर आहे. मात्र त्याचा सर्वांत गंभीर परिणाम चेहऱ्यावर होत नाही, रक्तवाहिन्यांवर होतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात डायलिसिसवरील पंचविशी-तिशीच्या रुग्णांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसामान्य लोकांतील पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांच्या जवळपास आढळले होते. ज्याच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती नाही अशा रुग्णाच्या धमन्या वृद्ध झालेल्या असू शकतात. रक्तदाब, फॉस्फेट आणि धूम्रपान यांविषयी डॉक्टर आग्रही असतात ते या कारणासाठी. क्लोथो वाढवण्याचा दावा करून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनी माणसाचे वार्धक्य किंवा मूत्रपिंडांचा विकार थांबतो असे सिद्ध झालेले नाही.

तिसरे विधान पाणी आणि काढा यांचे. जास्त पाण्याने मूत्रपिंडे ‘धुऊन’ निघतात ही कल्पना प्रत्यक्ष तपासून पाहिलेली आहे. कॅनडात तिसऱ्या टप्प्यातील ६३१ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला अधिक पाणी पिण्यास प्रवृत्त केले गेले. वर्षभरानंतर दोन्ही गटांतील कार्यक्षमतेच्या घसरणीत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. मूतखडा होणाऱ्यांना भरपूर पाणी पिण्याचा सल्ला देतात तो वेगळ्या कारणासाठी आणि तो योग्यच आहे. पण ज्याची लघवी कमी झाली आहे अशा रुग्णाने रोज ४ लिटर पाणी प्यायले तर ते फुप्फुसांत साठून जिवावर बेतू शकते.

काढ्याविषयी अधिक कठोर बोलणे भाग आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात वनस्पतींचे मिश्रण घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे वेगाने निकामी झाली. त्या मिश्रणात अॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती होती. पुढे त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, हा समज त्यांना केवढ्याला पडला! घटक आणि मात्रा ठाऊक नसलेला कोणताही काढा आधीच कमजोर झालेल्या मूत्रपिंडांवर लादणे धोक्याचे आहे. ‘तरुण कांती’साठी लावल्या जाणाऱ्या काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो, हेही येथे सांगायला हवे. तो त्वचेतून शोषला जातो आणि मूत्रपिंडांच्या गाळण्यांना इजा करतो. कांती सुधारण्याच्या नादात मूत्रपिंडांचा विकार ओढवून घेतल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

मूत्रपिंडांची घसरण कशाने मंदावते, हे आज बरेच स्पष्ट झालेले आहे. रक्तदाब आणि साखर यांवर नियंत्रण, लघवीतील प्रथिने कमी करणारी रक्तदाबाची विशिष्ट औषधे, मीठ कमी, तंबाखू बंद, मनाने वेदनाशामक गोळ्या न घेणे, आणि गेल्या काही वर्षांत एसजीएलटी-२ गटातील, मूळची मधुमेहासाठीची औषधे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिन या औषधाचा लाभ मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही झाल्याचे दिसले.

चौथे विधान मला सर्वांत घातक वाटते. डायलिसिस सुरू झाल्यावर माणूस म्हातारा दिसू लागला, असे नातेवाइकांना मनापासून वाटते, कारण त्यांनी तसे पाहिलेले असते. परंतु डायलिसिस सुरू होते तेव्हा बहुधा मूत्रपिंडांची क्षमता दहा टक्क्यांच्या आसपास उरलेली असते. रक्तक्षय, आम्लता आणि स्नायूंची झीज ही आधीच्या महिन्यांत झालेली असते. साठलेले पाणी काढले की सूज उतरते आणि तिच्याखाली दडलेला कृश चेहरा उघडा पडतो. पाहणाऱ्याला वाटते की यंत्राने माणूस वाळवला.

डायलिसिस मूत्रपिंडांची पूर्ण जागा घेऊ शकत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. आठवड्यातून तीनदा चार-चार तास म्हणजे १६८ तासांपैकी १२ तास. प्रथिनांना चिकटून राहणारी काही टाकाऊ द्रव्ये त्यातून नीट निघत नाहीत आणि दर खेपेस थोडी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, वाहून जातात. त्यामुळेच आहाराचा नियम येथे बदलतो. डायलिसिसपूर्वी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम किंवा त्याहून कमी प्रथिने सांगितलेली असतात, डायलिसिस सुरू झाल्यावर ती १ ते १.२ ग्रॅम लागतात. कित्येक घरांत जुनेच पथ्य भीतीने चालू राहते आणि रुग्ण खंगत जातो. ही झीज टाळता येण्याजोगी आहे.

डायलिसिस लवकरात लवकर सुरू करावे, असेही माझे म्हणणे नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील एका चाचणीत, तिचे निष्कर्ष २०१० साली आले, लवकर सुरुवात केल्याने आयुष्य वाढत नसल्याचे दिसले. तिथे उशिराच्या गटातील रुग्णांवर डॉक्टरांची बारीक नजर होती आणि लक्षणे दिसताच उपचार सुरू केले जात होते. काढ्याच्या भरवशावर घरी थांबणे ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे.

या खुणांपैकी बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. रक्तक्षयासाठी लोह आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने आहेत, आम्लतेसाठी बायकार्बोनेट आहे, स्नायूंसाठी आहारतज्ज्ञाचा सल्ला आणि झेपेल तेवढा व्यायाम आहे. कोरडेपणासाठी अंघोळीनंतर ओलसर अंगावरच साधे, सुगंधविरहित मलम लावल्याने आराम पडतो. यशस्वी प्रत्यारोपणानंतर अनेकांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढतो, मात्र प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याने उन्हापासून संरक्षण आयुष्यभर करावे लागते. आणि रात्र रात्र झोपू न देणारी खाज, जिच्यामुळे डोळे खोल जातात आणि चेहरा उतरतो, तिच्याविषयी कित्येक रुग्ण डॉक्टरांशी बोलतच नाहीत, कारण ती सोसायचीच असते असे त्यांनी धरून चाललेले असते. तिच्यावरही औषधे आहेत. पुढच्या भेटीत ती आपणहून सांगावी, आणि रुग्ण सांगत नसेल तर सोबत गेलेल्याने सांगावी.