हॅलोविनच्या साबणाचा वास

हॅलोविनसाठी साबण बनवून विकण्यावरच्या लेखात सुचवलेले भोपळा-मसाला, सफरचंद-दालचिनी हे वास खपतात, यात वाद नाही. पण व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) असलेला सुगंध साबणाच्या वडीला हळूहळू तपकिरी करतो, मग तो भोपळी केशरी रंग गेलाच म्हणायचा! त्यापेक्षा तपकिरीच धरून चाला. लवंगेचं तेल मात्र जपून. त्याने साच्यात ओतायच्या आत साबणाचं मिश्रण भांड्यातच दगड होतं, आणि प्रमाण वाढलं तर त्वचेची आग होते ती वेगळीच. कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे मिश्रण न शिजवता केलेला साबण मुरायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच वड्या कापून झालेल्या बऱ्या. ‘चेटकिणीचा काढा’ वगैरे नावं मजेशीर खरी, पण गिऱ्हाईक वडी नाकाशी धरूनच घेतं. आणि उरलेला माल नोव्हेंबरात काढायचा असेल तर लेबलावर कवटी नको.